मिठी नदी आणि तीन अर्थव्यवस्था : मुंबई उपनगराच्या पर्यावरणीय इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

आर्थिक विकास आणि पर्यावरण यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या काही दशकांत एक मत विशेष रूढ झाले आहे. उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराच्या संभाव्य परिणामांचा विचार करताना जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये असे मांडले की, दरडोई उत्पन्न वाढू लागते तेव्हा हवेतील काही प्रदूषके आधी वाढतात आणि उत्पन्नाने एक पातळी ओलांडल्यावर ती घटू लागतात. सायमन कुझनेट्‌स यांनी उत्पन्नातील विषमतेसंबंधी जो उलट्या ‘यू’ आकाराचा वक्र सुचविला होता, त्यावरून यास पुढे पर्यावरणीय कुझनेट्‌स वक्र असे नाव मिळाले. कारखान्यांकडून सेवाक्षेत्राकडे जाणारी अर्थव्यवस्था, अधिक स्वच्छ तंत्रज्ञान आणि सुस्थितीतील नागरिकांचा वाढता आग्रह, ही घट होण्याची कारणे सांगितली जातात.

हे मत देशादेशांच्या आकडेवारीवर उभे आहे. परंतु पर्यावरण देशाच्या सरासरीत राहत नाही. ते एखाद्या खोऱ्यात, एखाद्या नाल्याच्या काठी राहते. म्हणून प्रस्तुत लेखात एकाच लहानशा नदीचा इतिहास तपासला आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांपासून निघून, आरेची कड, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना आणि वांद्रे-कुर्ला संकुल असा सुमारे १८ किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी दीडशे वर्षांत तीन निरनिराळ्या अर्थव्यवस्थांच्या हाती गेली. तिसरी, म्हणजे सेवाक्षेत्राची अर्थव्यवस्था येथे पुरेशी रुजली आहे. वक्राचा सिद्धान्त खरा असता, तर नदी एव्हाना निवळू लागावयास हवी होती.

बंदराची तहान

साष्टी बेटावर पाणी साठविण्याची परंपरा प्राचीन आहे. कान्हेरीच्या लेण्यांत प्रत्येक विहाराशेजारी खडकात खोदलेली पाण्याची पोढी आजही पाहावयास मिळते. तेथे पाणी ज्या कड्यावर पडे, त्याच कड्यावर ते वापरले जाई. एकोणिसाव्या शतकात ही जवळीक प्रथमच तुटली.

मुंबई बेटाची वस्ती विहिरी आणि तलाव यांवर विसंबून होती. चीनकडे जाणारी अफू आणि इंग्लंडकडे जाणारा कापूस यांच्या व्यापाराने बंदर फुगत गेले, तसे हे पाणी अपुरे पडू लागले. हेन्री कॉनीबेअर याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये साष्टीतील मिठीच्या खोऱ्यात काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी लोखंडी नळांतून शहरात पोहोचले. पुढे तुळशी तलाव १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये पूर्ण झाला. पवईचे पाणी पिण्यास योग्य नसल्याचे लवकरच ध्यानात आले. पण तोवर नदीच्या दोन्ही मुखांशी बांध पडले होते.

या योजनेचे कौतुक भारतातील नळपाणीपुरवठ्याचा आरंभ म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्यास तिच्यातील दुसरी बाजूही दिसावयास हवी. ओतीव लोखंडाच्या नळाने साधनसंपत्तीचा उपभोग घेणारा आणि ती ज्याच्या परिसरातून काढली जाते तो, यांच्यामध्ये वीस-पंचवीस किलोमीटरांचे अंतर निर्माण केले. मरियम दोसाल यांनी वसाहतकालीन मुंबईच्या नियोजनाचा जो अभ्यास केला आहे त्यावरून असेही दिसते की, पाणी आणण्याचा निर्णय झाला, मात्र वापरलेल्या पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न वादात आणि खर्चाच्या हिशेबात दीर्घकाळ रेंगाळला. पाणी आधी आणि गटार मागाहून, हा क्रम या शहराने नंतरही सोडला नाही.

भातखाचरांतून वसाहतींकडे

स्वातंत्र्यानंतर शहराने उपनगराकडे केवळ पाण्याचे भांडार म्हणून पाहणे थांबविले. शहरात जे नकोसे झाले ते ठेवण्याची जागा म्हणून ते उपनगराकडे पाहू लागले. शहरातील म्हशींचे गोठे हलविण्याच्या हेतूने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात, तसेच साकीनाका-पवई मार्गावर कारखाने उभे राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि मरोळच्या भातखाचरांवर त्याची वसाहत वसली. कचऱ्याचेही तेच झाले. मुलुंडचे क्षेपणस्थान २०१८ मध्ये बंद होईपर्यंत अनेक दशके शहराचा कचरा घेत राहिले.

१ मे १९७३ रोजी कोंडिविटे गावाच्या जमिनीवर सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सर्वपरिचित सीप्झ, सुरू झाले. याच्या आवारात १५७९ साली जेझुइटांनी बांधलेल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे ग्रामस्थांनी ते सोडले आणि मरोळला नवे चर्च बांधले. आपल्याच गावच्या जुन्या देवळात वर्षातून एकदा सण साजरा करावयासही तेथील ईस्ट इंडियन समाजाला निर्यात क्षेत्राच्या फाटकातून आत जावे लागते. जागतिकीकरण १९९१ मध्ये आले असे आपण वर्गात शिकवितो. कोंडिविट्यात ते अठरा वर्षे आधीच कुंपण घालून बसले होते.

याच काळात नदीचे पात्रही बदलले. विमानतळ विस्तारला, तशी नदी धावपट्टीखालून आणि काटकोनी वळणांतून नेण्यात आली. १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे वांद्रे-कुर्ला परिसराचे नियोजन आले आणि मुखाजवळच्या खाजणावर, तिवरांच्या जागी, भराव टाकून सुमारे ३७० हेक्टरांचे व्यापारी संकुल आकारास आले. भरतीचे पाणी जेथे पसरून निवत असे, ती जागाच नाहीशी झाली. दक्षिण मुंबईवरील ताण कमी करणे हा त्यामागील हेतू होता. ताण कमी झाला की केवळ सरकला, हा प्रश्न नियोजनाच्या अहवालांत फारसा विचारला जात नाही.

धूर नसलेली अर्थव्यवस्था

१९९१ नंतर उपनगरातील अनेक कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. त्यांच्या जागी संगणक-सेवा देणाऱ्या कंपन्या, कॉल सेंटरे, मॉल आणि उंच निवासी इमारती आल्या. सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंइतकेच महत्त्व जडजवाहिराला आणि सॉफ्टवेअरला आले. हवेपुरते बोलावयाचे तर चिमण्या कमी झाल्या हे मान्य केले पाहिजे. येथवर वक्राचा सिद्धान्त लागू पडतो.

नदीबाबत मात्र तो फसतो, आणि का फसतो हे पाहण्याजोगे आहे. पहिली गोष्ट जमिनीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने विकास हक्काच्या हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची, सोय केली. शहरातील एखाद्या आरक्षित भूखंडाच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क उपनगरात वापरता येऊ लागला. चटईक्षेत्र कागदावरून उत्तरेकडे निघाले, पण त्याबरोबर गटारे निघाली नाहीत. दुसरी गोष्ट श्रमाची. सेवाक्षेत्र धूर सोडत नाही, पण त्यास रखवालदार, वाहनचालक, सफाई कामगार, चहावाले लागतातच, आणि त्यांना परवडणारे घर त्या इमारतींच्या आसपास नसते. ते घर नदीच्या काठी, सांडपाण्याच्या नळाविना उभे राहते. वाहून येणाऱ्या मैल्याचा दोष त्या झोपडीला देणे सोपे आहे. मात्र ज्यांच्या सांडपाण्याचे नळ पावसाळी नाल्यांना जोडले गेले, अशा पक्क्या इमारतींचा वाटाही त्यात लहान नाही.

तिसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. साकीनाका आणि कुर्ला येथील भंगाराच्या बाजारात तेलाची व रसायनांची पिंपे धुणे हा जुना व्यवसाय. नव्वदच्या दशकानंतर त्यात संगणक, छपाईयंत्रे, तारा आणि पडदे यांची भर पडली. जेथे माहितीचे तंत्रज्ञान विकले जाते तेथून हाकेच्या अंतरावर त्याचेच अवशेष हातोडीने फोडून, जाळून तांबे काढले जाऊ लागले. घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बाझल करार १९८९ चा. भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले. दरम्यानच्या दोन दशकांत हे काम बव्हंशी नियमांच्या नजरेबाहेर होत होते. लंडनची थेम्स नदी १९५७ मध्ये मृतवत मानली गेली होती आणि १९७४ मध्ये तीत पुन्हा सामन मासा सापडला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या यशात मैलाशुद्धीकरणावरील प्रचंड सार्वजनिक खर्चाचा वाटा आहे. नुसते उत्पन्न वाढल्याने ते घडले नाही. शिवाय श्रीमंत देशांतून उठलेले कारखाने पृथ्वीवरून नाहीसे झाले नाहीत. त्यांतले बरेच आशियात उभे राहिले.

२६ जुलै २००५ रोजी या सर्व गोष्टी एकत्र आल्या. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यास तो ७५ मिलिमीटरांच्या आतच होता. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरांच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि त्या वाढविण्याची शिफारस करणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून उपलब्ध होता. मुंबईत चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कुर्ला, कलिना आणि साकीनाका येथील वस्त्यांनी त्याची सर्वाधिक किंमत मोजली. सामान्य चर्चेत खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटले. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मात्र नदीचे आकुंचित पात्र, भराव आणि विमानतळाजवळची वळणे यांकडे लक्ष वेधले. नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण त्याच वर्षी स्थापन झाले, खोलीकरण झाले, दोन्ही तीरांस काँक्रीटच्या भिंती आल्या. गाळ काढण्याच्या कंत्राटांतील कथित गैरव्यवहाराबाबत २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. पुराची पातळी उतरविण्यात या कामांचा उपयोग झाला असेल, पण भिंतींमधून वाहणाऱ्या पाण्याच्या गुणवत्तेशी त्यांचा संबंध नाही.

मे महिन्यातील पाणी

माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी आपल्या १९९५ च्या ग्रंथात दूरदूरची साधने ओढून घेणाऱ्यांना ‘सर्वभक्षी’ आणि भोवतालच्या निसर्गावरच जगणाऱ्यांना ‘परिसंस्थेची माणसे’ म्हटले आहे. उपनगराच्या बाबतीत ही विभागणी स्थिर राहिली नाही. एके काळी ज्या साष्टीने शहराला पाणी पुरविले, तीच साष्टी आता वैतरणा आणि भातसा यांच्या पाण्यावर जगते. विहार आणि तुळशी यांचा वाटा अगदी अल्प उरला आहे. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघते, तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विहारच्या नळाने निर्माण केलेले अंतर आता शंभर किलोमीटरांच्या घरात गेले आहे.

उन्हाळ्यात विहार-पवईचे सांडवे कोरडे असतात. तरीही मरोळच्या किंवा कुर्ल्याच्या पुलावरून मे महिन्यात पाहिले असता मिठीत पाणी वाहताना दिसते. ते तिच्या खोऱ्यातले नसते. ते बव्हंशी वैतरणेचे आणि भातसेचे, घरांतून, कार्यालयांतून आणि कारखान्यांतून एकदा वापरून झालेले पाणी असते, आणि माहीमच्या खाडीपर्यंत ते पोहोचते तेव्हा शहापूरच्या टँकरची फेरी अजून व्हावयाची असते.