हजार मैलांची पावती

पीण्याच्या कारखान्यांतून तुमकूर रोड गाठायला पाच-दहा मिनिटं पुरतात. हाच रस्ता पुढे चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी करत कोल्हापूर-पुण्याला जातो. इथे नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या कोल्हापूरकराला तो दिवाळीत गावी जायचा रस्ता. शेजारच्या शेडमधल्या टर्नरला मात्र त्यात एक हिशेब दिसायचा. पुणं साधारण ८४० किलोमीटर. जाऊन परत आलं की सोळाशेच्या वर भरतात.

सोळाशेच का, तर अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन ही संस्था चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर, मोटरसायकल चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते. प्रकाराचं नाव सॅडलसोअर, खोगिरावर बसून सोलवटलेला. संस्थेच्या नावाचा अर्थ वडीलधाऱ्यांसमोर सांगवत नाही. सरासरी पडते ताशी ६७. ऐकायला किरकोळ, पण त्यातच पेट्रोल, जेवण, पाऊस आणि ट्रकमागे रखडणं आलं.

या वेडाला जुनी परंपरा आहे. १९१४ साली अर्विन बेकर सॅन डिएगोहून न्यूयॉर्कला साडेअकरा दिवसांत पोचला. त्याची गाडी ‘इंडियन’ होती, अर्थात अमेरिकेतच बनलेली. आपल्याकडे १९५५पासून मद्रासला बुलेट जोडल्या जाऊ लागल्या, साठच्या दशकात म्हैसूरला जावा आली. हजार मैल सलग चालतील अशी यंत्रं होती, चालवणारेही होते. नव्हता तो रस्ता. दोन पदरी हायवे, समोरून येणारे ट्रक, मधूनच बैलगाडी, प्रत्येक गावाच्या पोटातून वाट. त्यावर ६७ची सरासरी राखायची म्हणजे जिवाशी खेळ.

१९९९मध्ये सुवर्ण चतुष्कोनाची कोनशिला बसली. ५,८४६ किलोमीटरच्या त्या चौकोनाच्या मुंबई-चेन्नई बाजूवर आमचा रस्ता येतो. तेव्हाचा हायवे नंबर चार, आजचा अठ्ठेचाळीस. चौपदरी झाला, गावं बाजूला पडली, आणि पगारी माणसाला सुट्टीच्या एका दिवसात हजार मैल आवाक्यात आले. म्हणून प्रमाणपत्रावर स्वाराबरोबर रस्त्याचंही नाव असावं, असं मला वाटतं.

तरी रस्ता सगळीकडे सारखा नव्हता. हुबळी-धारवाड बायपासला चार पदरांचे अचानक दोन व्हायचे. जानेवारी २०२१मध्ये तिथेच, गोव्याला सहलीला निघालेल्या दावणगेऱ्याच्या बायकांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणी गेल्या. टर्नर तिथून पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान जायचं टाळायचा. त्या वेळेला झोप विचारून येत नाही. डोळे उघडे असतात आणि मधले दोन किलोमीटर आठवत नाहीत, असं तो सांगायचा. मी त्याला सरळ विचारलं होतं, कागदाच्या तुकड्यासाठी कशाला? तो म्हणाला, तू रात्रपाळी कशासाठी करतोस? मला ते उत्तर पटलं नाही. पगार आणि प्रमाणपत्र एक नव्हे.

पण कागद खरोखरच महत्त्वाचा. चारचाकीवाल्याकडे टोलची पावती असते. दुचाकीला हायवेवर टोल नाही, म्हणून ती सोयही नाही. उरते पेट्रोल पंपाची छापील पावती. निघताना, वळण्याच्या टोकाला आणि परतल्यावर, तारीख-वेळेसह. शिवाय निघताना-परतताना साक्षीदाराची सही. त्याचा साक्षीदार मी होतो.

एका शनिवारी पहाटे चार वाजता मी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला तो त्याच पंपावर आला. हात हँडलवरून सुटेनात. बोटं मी सोडवली. पावती आली तर मशीनचं घड्याळ दीड तास पुढे. साडेचार! पहिली पावती काढून पाहिली, तीही साडेपाचची. घोळ दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे तेवीस तास कायम. पंपावरच्या पोऱ्याने चूक मान्य केली आणि पावतीच्या पाठीवर खरी वेळ लिहून दिली. हे संस्थेला चालेल का, यावर आम्ही चहा घेता घेता भांडलो.

तसल्या पावतीवरची छपाई लवकर पुसट होते, म्हणून झेरॉक्स लगेच काढायची होती. दुकान नऊला उघडणार होतं. पायरीवर हेल्मेट उशाला घेऊन तो झोपला, आणि मी पावत्या वहीत दाबून धरून बसून राहिलो.