काढले किती आणि राहिले किती?



मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करण्यात माझी हयात गेली आणि जे थोडेफार शिकलो ते दिवसाचे काम आटोपल्यावर, वाचनालयाचे दिवे मालवेपर्यंत बसून शिकलो. तेव्हा शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की, ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे तो आमच्या वस्तीतही येतो, आणि येतो तो कळतो फार उशिरा. ज्याला आपण दारात ओळखत नाही, त्याचा इतिहास तरी ठाऊक असावा.

विषय असा : सिऱ्होसिसने आधीच खराब झालेल्या यकृतात कर्करोगाची लहानशी गाठ उद्भवली, तर ती कापून काढता येते काय? आणि येत असेल, तर माणसे हे शिकली कशी?

प्रथम यकृत म्हणजे काय ते पाहू. खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणून मिळते तोच हा अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते आणि त्यातून दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहते. त्यातले बरेचसे रक्त आतड्यांकडून एका मोठ्या शिरेने येते. खाल्लेल्या अन्नाचा हिशेब येथे होतो, विषाचा निचरा येथे होतो, रक्त गोठवणारी द्रव्ये येथेच तयार होतात. इतके काम करणारा हा अवयव तक्रार मात्र करीत नाही. आत बिघाड झाला तरी तो सहसा दुखत नाही.

दारू, हिपॅटायटिस बी आणि सी यांची जुनी काविळ, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर यकृतात साचणारी चरबी, यांपैकी कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे इजा होत राहिली की मऊ यकृतात चिवट वणांचे जाळे तयार होते आणि ते गाठाळ, टणक बनते. स्टेथोस्कोप शोधून काढणारा फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८१९ साली या विकाराला त्याच्या पिंगट रंगावरून ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. सिऱ्होसिस वाढला की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, शिरांतला दाब वाढतो, जलोदर होतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. यकृताच्या पेशींतून निघणारा कर्करोग बहुतेक वेळा अशाच यकृतात जन्म घेतो. म्हणजे रोगी एक आणि रोग दोन. गाठ ठेवली तर कर्करोग मारणार. काढताना यकृत जास्त गेले तर उरलेले यकृत शरीर पेलू शकत नाही म्हणून रोगी जाणार.

आता इतिहासाकडे वळू. बर्लिनचा शल्यवैद्य कार्ल लांगेनबुख याने एका स्त्रीच्या यकृताचा तुकडा ठरवून कापून काढल्याची हकीकत १८८८ साली प्रसिद्ध केली. रक्त थांबेना म्हणून तिचे पोट पुन्हा उघडावे लागले, पण ती बचावली. त्या काळी यकृताच्या शस्त्रक्रियेचा सारा प्रश्न रक्ताचाच होता. भरलेल्या पखालीला सुरी लावावी तसा हा प्रकार. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल याने एक साधी युक्ती सांगितली. यकृताकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्या एकाच जुडीतून आत शिरतात. ती जुडी अंगठा आणि बोट यांत काही वेळ दाबून धरायची. आज बोटांऐवजी चिमटा किंवा फीत वापरतात, पण युक्ती तीच आहे.

दुसरा प्रश्न यकृताच्या नकाशाचा. बाहेरून पाहता यकृत म्हणजे एक सलग लगदा. आत रस्ते कुठून जातात? हे शोधणाऱ्यांत हॅनोईच्या तोन थात तुंग या व्हिएतनामी शल्यवैद्याचे नाव आदराने घेतले पाहिजे. देश फ्रेंचांच्या अमलाखाली असताना, जंतांनी पित्तनलिका भरलेले एक यकृत पाहून तो या शोधाला लागला आणि शवागारातली सुमारे दोनशे यकृते त्याने सोलून पाहिली. १९३९ साली त्याने दाखवून दिले की यकृताचा मऊ भाग बोटांनी चुरडला तर तो सुटतो आणि चिवट वाहिन्या तेवढ्या बोटांत उरतात. त्या एकेक बांधून टाकता येतात. फारशी साधने नसलेल्या इस्पितळात हाताच्या कसबावर उभी राहिलेली ही पद्धत होती. तैवानच्या लिन तिएन-यु यानेही १९५८ साली बोटांनीच यकृत विलग करण्याची रीत मांडली. पुढे पॅरिसच्या क्लोद क्विनो याने शंभराहून अधिक यकृतांच्या वाहिन्यांत प्लॅस्टिकचा रस ओतून, भोवतालचे मांस आम्लाने विरघळवून, आतल्या जाळ्याचे साचे मिळवले. १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने यकृताचे आठ भाग सांगितले. प्रत्येक भागाची पाणीपुरवठ्याची फांदी वेगळी. आपल्याकडच्या बागायतीत एका पाटावरून वेगवेगळे वाफे भिजतात, तसेच म्हणा ना.

नकाशा मिळाला, तरी सिऱ्होसिसचा रोगी मरतच होता. असे का? निरोगी यकृताला एक वरदान आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांवर दाखवले की यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग वाढून थोड्याच दिवसांत भरपाई करतो. निरोगी माणसाचेही मोठे यकृत काढता येते ते याच बळावर. पण वणांनी आवळलेले यकृत तसे वाढत नाही. निरोगी माणसाला यकृताचा पाव भाग उरला तरी बहुधा निभावते. सिऱ्होसिसमध्ये किमान चाळीस टक्के तरी उरावे लागते, आणि कित्येकांना तेही पुरत नाही. अमेरिकेत फॉस्टर आणि बर्मन यांनी १९७७ साली अनेक इस्पितळांचे अनुभव एकत्र केले, तेव्हा यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियांत पाचांपैकी एकाहून अधिक रोगी दगावल्याचे दिसले. सिऱ्होसिस असला म्हणजे धोका याहून पुष्कळ जास्त.

येथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. गिरणीत कपात होते तेव्हा किती माणसे कमी केली हा हिशेब मालक मोठ्या अभिमानाने सांगतो. उरलेल्या माणसावर दोनांऐवजी चार साचे आले, तो ते किती दिवस ओढील, हा हिशेब मात्र संघटनेला करावा लागतो. यकृताच्या शस्त्रक्रियेतली खरी क्रांती हा दुसरा हिशेब करण्यातून झाली. किती काढले, याऐवजी किती राहील आणि जे राहील त्यात दम किती, हे आधी मोजायला शल्यवैद्य शिकले.

१९६४ साली चाइल्ड आणि टर्कॉट यांनी कावीळ, जलोदर, रक्तातील प्रथिन, मेंदूवरील परिणाम आणि पोषण यांवरून सिऱ्होसिसच्या तीन पायऱ्या ठरवल्या. १९७३ साली लंडनमध्ये प्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोषणाच्या जागी रक्त गोठण्याचा वेळ धरला. या मोजपट्टीला जपानमध्ये फार बारीक रूप मिळाले. तोक्योचा मासातोशी माकुउची याने जलोदर आहे का, रक्तातले पित्तद्रव्य किती, आणि हाताच्या शिरेत टोचलेला हिरवा रंग पंधरा मिनिटांनी रक्तात किती उरतो, या तीन प्रश्नांवर एक कोष्टक बसवले. निरोगी यकृत तो रंग झपाट्याने उचलते आणि दहा टक्क्यांहून कमी शिल्लक ठेवते. शिल्लक दहाच्या आत असेल तर मोठा भाग काढता येतो. वीस ते तीसच्या दरम्यान असेल तर आठांपैकी एकच भाग. चाळीस वा त्याहून जास्त असेल तर गाठ तेवढी कोरून काढायची. आटोक्यात न येणारा जलोदर असेल तर सुरी हाती घ्यायचीच नाही. शल्यवैद्याने स्वतःच्या हातावर घालून घेतलेला हा लगाम होता.

माकुउचीने दुसरे काम केले ते गाठ शोधण्याचे. सिऱ्होसिसच्या गाठाळ यकृतात बोराएवढी कर्करोगाची गाठ हाताला वेगळी लागत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो शस्त्रक्रिया चालू असतानाच ध्वनिलहरींचे यंत्र यकृतावर ठेवून आत पाहू लागला. १९८५ साली त्याने जी रीत प्रसिद्ध केली तिची सुबकता पाहण्यासारखी आहे. हा कर्करोग पुष्कळदा ज्या फांदीवर असतो तिच्याच वाटेने आसपास पसरतो. म्हणून त्या फांदीत सुईने निळा रंग सोडायचा, जेवढा वाफा त्या पाटावर भिजतो तेवढाच निळा होतो, तेवढाच कापायचा. रोगाचे शेत सगळे निघते आणि शेजाऱ्याच्या बांधाला धक्का लागत नाही. जेथे जास्त कापणे भागच होते, तेथे काढायच्या भागाचे पाणी काही आठवडे आधी बंद करून उरणारा भाग वाढवून घेण्याची युक्तीही जपानमध्येच १९८० च्या दशकात पुढे आली. २००३ साली तोक्यो विद्यापीठाच्या याच पथकाने आठ वर्षांतल्या १,०५६ यकृत-शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेमुळे एकही रोगी दगावला नव्हता. १९७७ चा आकडा शेजारी ठेवून पाहा.

तरीही ही विजयाची कहाणी समजू नका. गाठ गेली तरी जमीन तीच राहते. अशा शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रोग्यांत कर्करोग पुन्हा दिसतो. कधी जुन्याची मुळी, कधी नवीच गाठ. सारे यकृतच बदलावे हा विचार त्यातून आला. डेन्व्हरमध्ये टॉमस स्टार्झल याने १९६३ साली पहिले यकृतरोपण केले आणि तो रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. १९९६ साली इटलीतील मिलानच्या मात्साफेर्रो याने दाखवले की गाठ एकच आणि पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा फार तर तीन आणि प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत असतील, तर रोपणानंतर चार वर्षांनी चारांपैकी तीन रोगी हयात असतात. पण यकृत देणारा कुठून आणायचा आणि खर्च कोणी सोसायचा? लहान गाठ सुईतून जाळून टाकण्याचाही मार्ग आज आहे. या तिन्ही मार्गांची अट मात्र एकच : गाठ लहान असताना सापडली पाहिजे.

आणि ती दुखत नसताना सापडायची कशी? १९७५ पासून पामर बीस्ली याने तैवानमध्ये २२,७०७ सरकारी नोकरांचा पाठपुरावा केला. त्यांतले ३,४५४ जण हिपॅटायटिस बी विषाणूचे वाहक होते. १९८१ साली हिशेब आला : यकृताचा कर्करोग झालेल्या ४१ जणांपैकी ४० या वाहकांतलेच. पगारपत्रकावरची माणसे होती, विम्याची नोंद होती, म्हणून हे कळले. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला आणि पुढे मुलांतला हा कर्करोग घटला. आपल्या देशात ही लस २००२ पासून काही भागांत आणि २०११ च्या सुमारास सर्वत्र सरकारी लसीकरणात आली. तिच्या आधी जन्मलेले आपण सारे तिच्या बाहेर आहोत. शांघायमध्ये १९९० च्या दशकात १८,८१६ जणांचे गट करून, एका बाजूच्या लोकांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी दिली. सगळे नियमित आले नाहीत, तरीही त्या बाजूला या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. त्या प्रयोगाच्या रीतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, पण सिऱ्होसिसच्या रोग्याला सहा महिन्यांनी तपासावे हा नियम आज सर्वमान्य आहे.

श्रोतेहो, हा नियम कागदावर फुकट आहे. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र वर्षातून दोनदा, काही दुखत नसताना, खाडा करून रांगेत उभे राहावे लागते. तो येत नाही त्यात अज्ञानाचा भाग असेल, पण रोजगाराचाही आहे. तोक्योच्या शल्यवैद्याचे सारे कसब या दोन दिवसांच्या मजुरीवर अडते. म्हणून आमच्या मागणीपत्रात बोनस आणि महागाई भत्ता यांच्या खाली मी एक कलम घालीत असतो : ज्यांना जुनी काविळ किंवा सिऱ्होसिस आहे, त्यांना सहामाही तपासणीसाठी भरपगारी रजा. या सभागृहात कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत, नगरपालिकेचे सभासदही आहेत. त्यांनी त्या कलमाचा विचार करावा एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.