मौनी बाबा आणि बोलके यंत्र

१० जुलै १९२५ रोजी नगरपासून थोड्याच अंतरावर, अरणगावच्या माळावर, एका एकतीस वर्षांच्या पुरुषाने बोलणे सोडले. मेहेरवान शेरियार इराणी हे त्यांचे नाव. जन्म पुण्याचा, १८९४ सालचा. जगाला ते ठाऊक झाले मेहेरबाबा म्हणून. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचा देह ठेवला जाईपर्यंत हे मौन सुटले नाही. अक्षरफलकावर बोट फिरवून ते आपले म्हणणे सांगत. १९५४ साली तो फलकही त्यांनी दूर सारला आणि पुढे केवळ हातांच्या खुणा उरल्या.

अशा मौनी पुरुषाचे नाव विजेच्या वाद्यसंगीतातील एका जगप्रसिद्ध रचनेला मिळावे, हे मोठेच नवल. परंतु ते घडले आहे. 'बाबा ओरायली' असे त्या रचनेचे नाव. 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाने ती १९७१ साली 'हूज नेक्स्ट' या तबकडीवर प्रसिद्ध केली. नावातले 'बाबा' ते आपले अरणगावचे, आणि 'ओरायली' हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या नावाचे रूप. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द गाण्यात कोठेही येत नाहीत.

रचनाकार पीट टाउनशेंड यांनी मेहेरबाबांना प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. त्या काळी पाश्चात्त्य तरुणांत एल.एस.डी.सारख्या मादक द्रव्यांचे खूळ माजले होते, आणि गोळीने ईश्वर भेटत नाही, असे बाबांनी त्यांना निक्षून कळविले होते. टाउनशेंड यांनी ती द्रव्ये सोडली. लाखालाखांच्या मेळाव्यांत नशेत हरवलेली तरुण मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. या गाण्यामागे त्या दर्शनाची व्यथा आहे.

हे गाणे मुळात 'लाइफहाउस' नावाच्या एका मोठ्या योजनेतले. तिच्यावर एक चित्रपट व्हायचा होता. प्रत्येक श्रोत्याची उंची, वजन, स्वभाव अशी माहिती यंत्राला पुरवावी, त्यातून त्या माणसाचा असा खास नाद काढावा, आणि शेवटी सर्वांचे नाद एकत्र मिळून एकच महास्वर व्हावा, अशी ती कल्पना. तिचे एक मूळ आपल्याकडेच आहे. बडोद्यात जन्मलेले वीणावादक सूफी हजरत इनायत खान यांचे नादाविषयीचे विचार टाउनशेंड यांनी वाचले होते. सृष्टी नादातून झाली, हे आपल्या कीर्तनकारांच्या तोंडचे वचन लंडनच्या तरुणाला यंत्राच्या द्वारे पडताळून पाहावेसे वाटले!

रायली यांचा धागाही हिंदुस्थानाशीच जुळतो. १९६४ सालच्या 'इन सी' या रचनेत त्यांनी लहान लहान स्वरवाक्ये पुन्हापुन्हा वाजवून नवी शैली रूढ केली, आणि १९७० पासून ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाजविलेले घराणे ते हेच.

आता यंत्राविषयी. लोकांत अशी दंतकथा आहे, की बाबांची माहिती यंत्रात घातली आणि ते संगीत आपोआप बाहेर पडले. बेत तसा होता खरा. परंतु आपण ऐकतो ती सुरुवातीची स्वरांची झुळझुळ लॉवरी नावाच्या घरगुती विद्युत ऑर्गनची आहे. त्यात मारिंबासारखा आवाज काढणारी एक कळ असे. बोटांनी पट्ट्या दाबून धरल्या, की वाद्य ते स्वर स्वतःच भराभर तोडून आलटूनपालटून वाजवी. बोटे माणसाची, लय यंत्राची! त्याच तबकडीवरील दुसऱ्या एका गाण्यात हा ऑर्गन व्ही.सी.एस.३ या सिंथेसायझरमधून गाळून घेतला आहे. ध्वनीच्या वाटा जोडण्यासाठी तारांऐवजी लहान खुंट्या खोचायच्या, ही त्या यंत्राची खुबी. ते बनविणाऱ्या लंडनच्या ई.एम.एस. कंपनीने पुढे 'स्पेक्ट्रॉन' हे यंत्रही काढले. ते विजेच्या लहरींतून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रंगीत आकृती उमटवी.

आपल्यालाही असे स्वर अगदीच परके नव्हते. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील पुंगीने सारा देश डोलला. ती वाजविली होती कल्याणजींनी, क्लॅव्हिओलाइन या विजेच्या वाद्यावर.

'लाइफहाउस'चा चित्रपट निघाला नाही. योजना मोडली, तरी तिचे गाणे जगले. १९७८ साली शेपर्टन येथे चित्रित झालेल्या कार्यक्रमात 'द हू'ने लेसरच्या किरणांनी रंगमंच उजळला. २००७ मध्ये लॉरेन्स बॉल या संगीतकाराच्या मदतीने, श्रोत्याने दिलेल्या माहितीवरून संगणकाकडून त्याची संगीतप्रतिमा घडविण्याचा प्रयोगही टाउनशेंड यांनी करून पाहिला. आणि २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हेच 'बाबा ओरायली' साऱ्या जगाने ऐकले.

नगर म्हटले की आपल्याला चांदबिबी आठवते, किल्ल्यात बंदिवान असलेले पंडित नेहरू आठवतात. जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नवे नाव मिळाले आहे. त्याच्या इतिहासात या गाण्यालाही एक ओळ मिळायला हरकत नाही. १९७२ साली टाउनशेंड स्वतः अरणगावी समाधीच्या दर्शनाला आले होते. दौंड-मनमाड लोहमार्गालगतच्या त्या टेकडीवर आजही देशोदेशींची माणसे येतात. दरवर्षी १० जुलैला बाबांचे अनुयायी दिवसभर मौन पाळतात. त्या दिवशी मेहेराबादेत ऐकू येतो तो वाऱ्याचा आणि आगगाडीचाच आवाज.