ओला रस्ता आणि मागची चाके : अमेरिकी पिकअपच्या पकडीचा इतिहास

पुढे मोटारीचे तोंड आणि मागे उघडा हौदा अशा घडणीचे पिकअप हे वाहन अमेरिकेतील शेतकऱ्याच्या गरजेतून निर्माण झाले, आणि पावसात त्याची मागची चाके घसरण्याचा दोषही त्याच घडणीतून आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक शेतकरी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचा मागचा भाग काढून टाकून तेथे लाकडी खोके बसवून घेत असत. ही रीत पाहून फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विक्रीस काढली. सुमारे ५६ इंच लांबीचा पोलादी हौदा, मागे उघडझाप करणारा फाळका आणि ओझे पेलण्यासाठी मागच्या बाजूला अधिक मजबूत पाटे, ही तिची वैशिष्ट्ये होती, आणि इंजिनाची ताकद होती अवघी वीस अश्वशक्ती. या मांडणीत इंजिन व चालक पुढच्या चाकांच्या बाजूला राहिले, इंजिनाचा जोर मात्र मागच्या चाकांना मिळाला. हौदा भरलेला असताना ही योजना उत्तम ठरते, कारण जोर ज्या चाकांना मिळतो त्यांच्यावरच माल बसतो. परंतु माल उतरवून गाडी रिकामी परतू लागली की जोर लावणारी चाके हलकी होतात, आणि पुढील शंभर वर्षांत अभियंत्यांनी केलेले बहुतेक उपाय या एका विसंगतीवर केलेले आहेत.

हे समजण्यासाठी पकड म्हणजे काय ते आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे चाकाला जो आधार मिळतो त्याला पकड म्हणतात, आणि तिची मर्यादा ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरते : चाकावरील भार आणि त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणाचे प्रमाण, ज्याला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरावर हा अंक साधारणपणे ०.७ ते ०.९ असतो, तर ओल्या डांबरावर तो ०.५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. समजा, दोन हजार किलो वजनाच्या रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर आठशे किलो भार आहे, तर ०.५ घर्षणांकाच्या ओल्या रस्त्यावर दोन्ही मागची चाके मिळून चारशे किलोभाराहून अधिक जोर रस्त्याला देऊ शकत नाहीत. शिवाय ही पुंजी एकच असून तिच्यातूनच गाडीला पुढे नेणारा जोर, थांबवणारा जोर आणि वळणावर तिला वाटेत धरून ठेवणारा आडवा जोर असे तीन खर्च भागवावे लागतात. चालकाने वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की पहिल्या खर्चासाठी तिसऱ्यातून उचल होते आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते.

पिकअपच्या आरंभकाळात मात्र शत्रू पाणी नव्हता, चिखल होता. त्या काळी अमेरिकेच्या ग्रामीण भागातील बहुसंख्य रस्ते मातीचे होते आणि पावसात ते चाके गिळून टाकत. चिखलात पकड मिळवायची तर टायरने वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचावे लागते, म्हणून मॉडेल टीची उंच आणि अरुंद चाके तेथे उपयोगी पडत. न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा येथील हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये टायरभोवती गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले होते. या साखळ्या पुढे हिमासाठी प्रसिद्ध झाल्या, तरी चिखलातही त्यांचा भरपूर वापर झाला. फायरस्टोन कंपनीने १९०८ मध्ये आणलेल्या टायरवर तर 'नॉन स्किड', म्हणजे 'न घसरणारा', ही अक्षरेच नक्षी म्हणून उठवलेली होती, आणि त्या अक्षरांच्या कडा रस्त्यात रुतून पकड देतील अशी अपेक्षा होती.

रस्ते पक्के झाले तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. टेक्सासमध्ये शेतापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या पक्क्या रस्त्यांच्या योजनेतील पहिला रस्ता १९३७ मध्ये पुरा झाला, आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे उभे राहू लागले, त्यामुळे शेतमाल घेऊन जाणारे पिकअप चिखलातून बाहेर पडून गुळगुळीत डांबरावर आणि काँक्रीटवर वेगाने धावू लागले. चिखलात गाडी अडकत असे, पण तिचा वेग कमी असल्याने जिवावर क्वचितच बेतत असे. ओल्या डांबरावर गाडी अडकत नाही, ती वेगात असतानाच पकड सोडते, आणि म्हणून हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक घातक ठरला.

त्यावरचा सर्वांत जुना आणि आजही टिकून असलेला उपाय लोकांनीच शोधला, तो म्हणजे हौद्यात वाळूची पोती ठेवण्याचा. वरील उदाहरणातील गाडीत दोनशे किलो वाळू बरोबर मागच्या आसावर ठेवली तर त्या आसावरील भार एक हजार किलो होतो आणि चाकांना रस्त्याला देता येणारा जोर चारशेवरून पाचशे किलोभारापर्यंत चढतो. गाडीचे एकूण वजन दहा टक्क्यांनी वाढते, पण मागची पकड पंचवीस टक्क्यांनी वाढते, हा या उपायातला खरा लाभ होय. तथापि पोती कोठे ठेवायची याला फार महत्त्व आहे. ती फाळक्याला टेकवून, म्हणजे आसाच्या मागे ठेवली तर तरफेच्या न्यायाने गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि दिशा देणारी पुढची चाके हलकी होतात. पोती न बांधता सैल सोडली तर ब्रेक लागताच ती पुढे सरकतात. शिवाय वजन वाढले की गाडी थांबवण्याचे कामही वाढते, त्यामुळे पोती म्हणजे चढावर व सिग्नलवरून निघताना मदत करणारा उपाय असून भरधाव जाण्याचा परवाना नव्हे, ही समज अनुभवी चालकांनी नेहमीच बाळगली.

अभियंत्यांनी पहिले लक्ष दिले ते डिफरन्शियलकडे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची जी जुळणी मागच्या आसाच्या मध्यभागी असते तिला डिफरन्शियल म्हणतात, आणि फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. या जुळणीचा गुण हाच तिचा दोषही आहे : ती दोन्ही चाकांना सारखाच फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाटून देते, त्यामुळे एक चाक पाण्यात किंवा तेलकट पट्ट्यावर गरगर फिरू लागले की त्याला लागणाऱ्या अल्प जोराएवढाच जोर दुसऱ्या, चांगली पकड असलेल्या चाकाला मिळतो आणि गाडी जागीच राहते.

हा दोष घालवण्यासाठी जर्मनीत १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींसाठी, घसरणीला मर्यादा घालणारे डिफरन्शियल तयार झाले; अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये आणि शेव्हरोलेने १९५७ मध्ये 'पॉझिट्रॅक्शन' या नावाने ते ग्राहकांना देऊ केले. त्यात दोन्ही बाजूंना क्लचच्या चकत्यांचे संच असतात आणि एक चाक अधिक फिरू लागले की त्या चकत्यांचे घर्षण त्याला रोखून जोर दुसऱ्याकडे वळवते. १९७३ पासून जनरल मोटर्सच्या ट्रकांत बसू लागलेली ईटन कंपनीची जुळणी त्याहून पुढची होती. एका चाकाची गती दुसऱ्याहून मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांनी वाढली की तिच्यातील छोटी वजने केंद्रोत्सारी बलाने बाहेर उघडतात, एका खुंटीत अडकतात आणि त्या झटक्याने दोन्ही आस एकमेकांना जखडले जातात. गाडीचा वेग ताशी साधारण तीस किलोमीटरच्या वर असेल तर मात्र दुसरे एक वजन ही क्रिया होऊ देत नाही, कारण वेगात मागची चाके जखडणे धोक्याचे आहे.

या शेवटच्या दक्षतेमागे मोठा अनुभव होता. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरत असताना दुसरे चाक निदान शांतपणे फिरत राहते आणि त्याची आडवी पकड गाडीची शेपटी धरून ठेवते; घसरण रोखणाऱ्या जुळणीत जोर जास्त झाला तर दोन्ही चाके एकाच वेळी पकड सोडतात, आणि तिरप्या ओल्या रस्त्यावर रिकामे पिकअप आडवे होते. चारही चाकांना जोर देण्याच्या योजनेचेही असेच आहे. १९४६ मध्ये डॉजने पॉवर वॅगन हे नागरी वापराचे वाहन आणले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरोले व फोर्ड यांनी कारखान्यातूनच अशी पिकअप विकण्यास सुरुवात केली. निघताना आणि चढ चढताना या योजनेचा लाभ निर्विवाद आहे, परंतु ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत तिचा काहीही उपयोग होत नाही.

खरे ज्ञान वाढले ते टायर आणि पाणी यांच्या संबंधाविषयी, आणि त्याचा उगम विमानांच्या धावपट्टीवर झाला. नासाच्या लँगली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की ठरावीक वेगाच्या वर टायरला समोरचे पाणी बाजूला सारण्यास वेळ मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो आणि त्याचा रस्त्याशी संबंध तुटतो. या घटनेला जलतरंगण म्हणता येईल. त्यांच्या सूत्रानुसार टायरमधील हवेचा दाब पौंडांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे १६.६ ने गुणावे, म्हणजे साचलेल्या पाण्यावर पकड सुटण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो : ३६ पौंड हवा असेल तर हा वेग जवळपास १०० येतो आणि २५ पौंड असेल तर ८३. हवा कमी केली की पकड वाढते हा समज वाळूत व चिखलात खरा असला तरी पाण्यावर तो उलटा पडतो, हे या साध्या गणिताने सिद्ध झाले. पुढे १९८० च्या दशकात टेक्सासमधील संशोधनातून असेही दिसले की रिकाम्या ट्रकच्या टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा आखूड व रुंद होतो आणि त्यामुळे भरपूर हवा असूनही तो महामार्गाच्या वेगात पाण्यावर तरंगू शकतो.

टायरवरील नक्षीचा अर्थही यातून स्पष्ट झाला. खोल खाचा पाण्याला निसटायला वाट देतात, तर रबराच्या ठोकळ्यांवरील केसासारख्या बारीक चिरा उरलेला पातळ थर पुसून काढतात. या चिरांचे पेटंट जॉन सायप यांनी १९२३ मध्येच घेतले होते. मिशलिन कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर आणलेल्या रेडियल टायरमुळे ठसा अधिक सपाट राहू लागला आणि १९९० च्या दशकात रबरात सिलिका मिसळण्याच्या तंत्राने ओल्या रस्त्यावरील पकड आणखी सुधारली. नक्षी किती झिजली हे कोणालाही कळावे म्हणून खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे अमेरिकेत १९६८ पासून सक्तीचे झाले. याच काळात धावपट्ट्यांप्रमाणे महामार्गांच्या काँक्रीटवरही खाचा पाडण्याची पद्धत कॅलिफोर्नियात सुरू झाली, म्हणजे पाण्याला वाट देण्याची जबाबदारी टायरबरोबर रस्त्यानेही उचलली.

इलेक्ट्रॉनिक उपायांचा आरंभ ब्रेकपासून झाला. रिकाम्या पिकअपचे ब्रेक जोरात दाबले की हलकी मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गर्रकन फिरते, म्हणून फोर्डने १९८७ मध्ये आपल्या पिकअपना केवळ मागच्या चाकांसाठी जखडणरोधक ब्रेक दिले. त्यानंतर आलेल्या ट्रॅक्शन कंट्रोलने घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून साध्या डिफरन्शियलमधूनच दुसऱ्या चाकाकडे जोर वळवला, आणि १९९५ मध्ये मर्सिडीज मोटारीत प्रथम दिसलेली स्थैर्य नियंत्रण यंत्रणा प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून शेपटी सावरू लागली. सप्टेंबर २०११ पासून अमेरिकेत साडेचार टनांपर्यंतच्या सर्व नव्या हलक्या वाहनांना, म्हणजे पिकअपनाही, ती अनिवार्य झाली.

हा इतिहास महाराष्ट्रालाही परका नाही, कारण आंबा, भाजीपाला आणि मासळी घेऊन घाट ओलांडणारी येथील पिकअप वाहनेही बहुतांशी मागच्या चाकांनी चालणारी आणि मागे पाटे असलेलीच आहेत, आणि पावसाळ्यात ती बाजारातून रिकामीच परततात. शंभर वर्षांच्या या प्रयत्नांचा निष्कर्ष असा की डिफरन्शियल, चार चाकांचा जोर आणि संगणक ही सर्व साधने उपलब्ध पकडीची वाटणी सुधारतात. ती पकड प्रत्यक्ष निर्माण होते तळहाताएवढ्या ठशात, टायर आणि रस्ता यांच्या मधोमध. म्हणून पिकअपच्या मालकाने यंत्रणेवर खर्च करण्यापूर्वी मृग लागण्याच्या आधी मागच्या टायरच्या खाचा मोजाव्यात, हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी, वजन ठेवायचेच तर ते आसावर घट्ट बांधावे, आणि रिकाम्या गाडीचा वेग भरलेल्या गाडीपेक्षाही कमी ठेवावा.