पदर, ताट आणि चार पापड

कल्याणहून शिळफाट्यामार्गे निघालेला रस्ता तळोज्यावरून पनवेलला येतो आणि पनवेलहून महामार्ग कोकणात महाडपर्यंत उतरतो. कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं माहेर. महाड हे बाबासाहेब आंबेडकरांच्या 1927 च्या सत्याग्रहाचं गाव. दोघंही परदेशी शिकून आलेले, आणि दोघांच्या गावांना जोडणाऱ्या वाटेवर तळोजं उभं आहे. एकेकाळच्या भातशेतीच्या या पट्ट्यात आज औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत, सिडकोच्या उंच इमारती आहेत, 2023 पासून पेंधरपर्यंत मेट्रो धावते आणि याच पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळाचं 2025 च्या ऑक्टोबरात उद्घाटनही झालं. इथल्या घरांतूनही आता मुलं परदेशी शिकायला जातात. बॅगा भरताना मसाले, लोणचं, छोटा कुकर आठवणीने घातले जातात आणि खाण्यापिण्याचे, कपड्यालत्त्याचे, राहणीचे फरक ‘हळूहळू सवय होईल’ या तीन शब्दांत संपवले जातात. मला वाटतं, इथेच आपली चूक होते. हे फरक छोटे नाहीत. समाज आपले सर्वात कडक नियम ग्रंथांत ठेवत नाही, तो ते ताटात, पदरात आणि उंबऱ्यावर ठेवतो. घरी असताना ते दिसत नाहीत. परक्या मुलखात पाऊल टाकलं की ते दिसू लागतात. म्हणून परदेशी शिकलेल्या मराठी माणसांचा इतिहास हा खरं तर आपल्या घराचाच इतिहास आहे.

आनंदीबाईंचं उदाहरण घ्या. 1883 साली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या सभेत, हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. 7 एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडलं आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं 18. सभेत दिलेल्या त्या शब्दाची किंमत पुढे वैद्यक शिकताना फिलाडेल्फियाच्या थंडीत रोज मोजावी लागली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, कोकणच्या हवेला ते शोभतं, बर्फाला नाही. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. आहार शाकाहारी ठेवला. राहत्या खोलीतली शेकोटी इतका धूर करी की धूर सोसायचा की गारठा, एवढंच निवडणं हाती उरे. 1885 च्या ऑक्टोबरात काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन परदेशी विद्यार्थिनी दिसतात: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लामबुली. पाहणाऱ्याला तो वेशभूषेचा सुंदर नमुना वाटतो. पण त्या साडीत एक निर्णय आहे. नेसण्याची तऱ्हा बदलली, साडी राहिली. काय सोडायचं आणि काय धरायचं याचा हिशोब विशीतली ती मुलगी शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासाइतक्याच कष्टाने करत होती. 1886 च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. हा हिशोब त्यांनी देहावर चालवला, हे विसरता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा जाच आपल्या कर्मठपणाचा होता, परदेशाचा त्यात काय दोष? त्याचं उत्तर पंडिता रमाबाईंच्या अनुभवात मिळतं. त्याही 1883 साली इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या, तिथे शिकवलंही. धर्म बदलला, पण ताट बदललं नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. सांभाळ करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान शिल्लक दिसला. क्रूसावरची अक्षरं लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, हा रमाबाईंचा आग्रहही त्यांना रुचला नाही. म्हणजे जे जेवण सोडलं असतं तर पुण्याने त्यांना भ्रष्ट ठरवलं असतं, तेच धरून ठेवलं म्हणून इंग्लंडने त्यांना हट्टी ठरवलं. नियम दोन्हीकडे होते, फक्त पहारेकरी वेगळे. रमाबाईंनी दोघांनाही सांगितलं की हा निर्णय माझा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहास पदव्यांचा, विचारांचा आणि चळवळींचा असतो, चहा-पापडाचा कसला इतिहास? पण एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याने स्वतःच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणण्यामागे होते आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य उभं राहिलं आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सुधारणेवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना समाजाने ग्रंथांसाठी जाब विचारला नाही, चहासाठी विचारला. पेला छोटा होता, पण त्यातला अधिकाराचा प्रश्न मोठा होता.

हा प्रश्न सर्वात स्पष्ट दिसतो तो बाबासाहेबांच्या आयुष्यात. 1913 साली बडोद्याच्या गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीत राही आणि ही मैत्री जन्मभर टिकली. 1917 साली नोकरीसाठी ते बडोद्याला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कला पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहणं ही साधी गोष्ट होती, बडोद्यात पारशी छपराखाली झोपणं हा गुन्हा ठरला. समाज तोच होता, जमीन बदलली होती. परदेशातल्या वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. यावरून परदेश म्हणजे स्वर्ग, असं मात्र कुणी समजू नये. त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना रेल्वेचा वेगळा डबा होता. आणि पुढे लंडनला शिकताना बाबासाहेबांच्या वाट्याला कठोर घरमालकिणीचं अपुरं जेवण आलं. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की कुणा परिचिताने दिलेले पापड ते पत्र्याच्या तुकड्यावर भाजत. चार पापड आणि कपभर गरम पेय, मग पहाटेपर्यंत वाचन. ती भूक गरिबीची होती. बडोद्याची वेदना वेगळी होती, कारण ती पैशाने भागणारी नव्हती.

आजच्या मुलांना यातलं काय लागू पडतं, असं विचारलं जाईल. समुद्रोल्लंघनाचं प्रायश्चित्त गेलं, फोनवर आई समोर दिसते, परदेशी दुकानातही पोहे मिळतात. हे सगळं खरं आहे. पण फोडणीच्या वासावरून परदेशातला घरमालक कुरकुरतो, तेव्हा मराठी विद्यार्थ्याला जो अपमान वाटतो, तोच अपमान आपल्या शहरांत घर भाड्याने देताना आडनाव आणि स्वयंपाकघर विचारून आपण इतरांच्या पदरी घालत असतो. तिथे तो दुखावला जातो, इथे त्याचं कुटुंब कदाचित नियम लावणाऱ्यांत असतं. दोन्ही टोकं एकाच माणसाला दिसण्याची संधी परदेशी शिक्षण देतं, आणि माझ्या मते पदवीइतकंच मोल या संधीला आहे. आनंदीबाईंनी नेसण्याची तऱ्हा बदलून साडी राखली, रमाबाईंनी धर्म बदलून ताट राखलं. म्हणून सगळ्या सवयी टाकून देणं हा मार्ग नाही. प्रत्येक सवयीला एकच प्रश्न विचारायचा: ही मला आधार देते, की दुसऱ्याला दाराबाहेर ठेवते? पहिली खुशाल बॅगेत घालावी. दुसरीचं काय करायचं, हे 20 मार्च 1927 रोजी महाडने दाखवून दिलं. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या त्या विद्यार्थ्याने अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतलं. पाणी पिणं यापरती साधी, रोजची गोष्ट दुसरी कुठली?