काताचं गोत

आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांचा रक्तदाब गोळ्यांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून एक तपासणी करायला सांगितली. चिठ्ठीवर नाव होतं ‘कॅटेकोलामाइन्स’. भीती वाटली, संताप आला, जिवाच्या आकांतानं धावावं लागलं की अॅड्रिनॅलिनसारखी जी रसायनं रक्तात उसळतात, त्यांचं हे कुळनाव. अहवाल चांगला आला, घरचे निश्चिंत झाले. माझ्या डोक्यातून मात्र ते ‘कॅटेको’ जाईना. कोश उघडून एकेक पायरी मागे जात राहिलो आणि चौथ्या पायरीला पोचलो तो थेट आमच्याच पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी. कॅटेकोलामाइन हे कॅटेकॉलवरून, कॅटेकॉल कॅटेचिनवरून, कॅटेचिन कॅटेचूवरून, आणि कॅटेचू म्हणजे आपला कात.

सापाची कात स्त्रीलिंगी, विड्यातला कात पुल्लिंगी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. विड्यातला कात खैराचा. कोकणात खैर तासून आतला तांबडा गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, चुलाणावर मांडलेल्या मडक्यांच्या रांगेत त्या उकळायच्या, आणि पाणी आटून पाक घट्ट झाला की तो गार करून वड्या पाडायच्या. हे काम करणाऱ्यांना कातकरी हेच नाव पडलं. इंग्रजी अमलात जंगलं राखीव झाली, खैर हातचा गेला आणि ही माणसं कोळसाभट्टीवर, मग वीटभट्टीवर गेली. धंदा सुटला तरी जमातीच्या नावात तो राहिला.

आता शब्दाकडे. ‘कात’ आला कुठून? सोपं उत्तर संस्कृत ‘क्वथ्’, म्हणजे उकळणे. याच धातूनं आपल्याला कढ, कढत, काढा आणि ताकाची कढीसुद्धा दिली. पण इथे एक अडचण आहे. ‘क्वाथ’मधला एकटा ‘थ’ प्राकृतात येताना ‘ढ’ होतो, म्हणून ‘काढा’. मग ‘कात’मध्ये ‘त’ कसा? या व्युत्पत्तीवर शंका घेणारे इथेच बोट ठेवतात, आणि शंका रास्त आहे. मला वाटतं, उत्तर आपल्या हातातच आहे, अगदी शब्दशः. ‘हस्त’चा प्राकृतात ‘हत्थ’ झाला. त्याचा हिंदीनं ‘हाथ’ केला, मराठीनं ‘ह’कार टाकून ‘हात’. तसाच ‘कत्थ’ असा जोडाक्षराचा मधला टप्पा धरला, की हिंदीत ‘कत्था’ आणि मराठीत ‘कात’ आपोआप जागेवर बसतात. म्हणजे ‘काढा’ आणि ‘कात’ हे एका आईचे दोन मुलगे: एक नियमानं वाढलेला, दुसऱ्याच्या वाट्याला मधलं व्यंजन दुप्पट आलेलं. ते दुप्पट का झालं? बोलीत ठसक्यानं उच्चारल्या जाणाऱ्या, रोजच्या धंद्यातल्या शब्दांचं असं होतं, असा माझा कयास.

पण दक्षिणेकडचा दावा तितकाच भक्कम आहे. कन्नडमध्ये काताला ‘काचु’ म्हणतात, मलायमध्ये ‘कचु’. तमिळमध्ये ‘काय्च्चु’ म्हणजे उकळवणे, आणि काताचं तमिळ नाव त्याच वळणाचं आहे. म्हणजे एका भाषाकुळानं ‘उकळलेला’ म्हणून नाव ठेवलं आणि दुसऱ्यानंही तेच केलं. नावाची खूण दोघांनी झाडावरून घेतली नाही, रंगावरून घेतली नाही, चुलाणावरून घेतली. ज्यांनी नाव दिलं ते खैर तोडणारे नव्हेत, मडक्यापाशी बसणारे होते.

मग युरोपच्या ‘कॅटेचू’चा बाप कोण? बहुतेक कोश मलाय ‘कचु’कडे बोट दाखवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ‘कचु’मधून ‘कचू’ निघेल, इंग्रज व्यापाऱ्यांचा ‘कच’ही निघेल, मधला ‘टे’ कुठून उगवला? साक्षी दोन आहेत. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज खंबायतहून मलाक्क्याला जाणाऱ्या मालाची यादी करतो, त्यात हा जिन्नस ‘काचो’ आहे. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्यालाच ‘काते’ म्हणतो. एकानं बंदरातला शब्द टिपला, दुसऱ्यानं गोव्याच्या बाजारातला. माझं म्हणणं असं, की ‘कॅटेचू’ हा या दोन नावांचा सांधा आहे: पुढे कोकणातला ‘काते’, मागे मलाक्क्याचा ‘चू’. एकाच मालाची दोन नावं एका चिठ्ठीवर शेजारी लिहिली गेली आणि लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या औषधीवाल्यांनी ती एकत्र वाचली. अशी चिठ्ठी माझ्या हाती लागलेली नाही. पण ‘टे’चा दुसरा उलगडाही कुणी समाधानकारक केलेला नाही, तोवर मी हाच धरून ठेवणार.

ओर्ताकडे थोडं थांबायलाच हवं. खैराच्या ढलप्या कुटून उकळतात आणि त्या अर्कात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करतात, असं तो लिहितो, आणि ‘नाचणी’ हा शब्द तसाच ठेवतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज पुस्तकात तो भेटल्यावर मला घरचं माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं. ग्रीक वैद्यांचं प्रसिद्ध औषध ‘लायसियम’ म्हणजे हाच कात, असंही त्यानं ठामपणे मांडलं. तिथे मात्र तो चुकला. पुढे रॉयल या वनस्पतिज्ञानं भारतीय लायसियम म्हणजे दारुहळदीचा आटवलेला अर्क, आपलं रसांजन, असं दाखवून दिलं. पण चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही अर्क आटवलेले, दोन्ही गडद, दोन्ही तोंड वाकडं करणारे. युरोपात तर याहून मोठा गोंधळ होता. तिथले औषधविक्रेते काताला बराच काळ ‘टेरा जापोनिका’, म्हणजे जपानची माती, म्हणत होते. माल ज्या जहाजांतून येई त्यांच्या वाटेवरून त्यांनी देश ठरवला आणि ढेकळाच्या रूपावरून माती.

रसायनशास्त्राची पुढची गोष्ट भरभर सांगता येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन रसायनज्ञांनी कातातून पांढरे स्फटिक वेगळे काढले, ते कॅटेचिन. १८३९ मध्ये राइन्शनं ते कोरडंच तापवलं, तेव्हा त्यातून उडालेला पदार्थ म्हणजे कॅटेकॉल. पुढे फ्लॅव्होन, फ्लॅव्होनॉल, फ्लॅव्हॅनॉल अशी वनस्पतींतल्या रंगद्रव्यांची मोठी बिरादरी जमली, ‘फ्लावुस’ या पिवळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून तिला फ्लॅव्होनॉइड म्हणू लागले, आणि रंग नसलेलं कॅटेचिनही तिच्यात जाऊन बसलं. कातवाल्यांना हे स्फटिक आधीपासून हाताला माहीत होते. कॅटेचिन गरम पाण्यात विरघळतं, थंडात फारसं नाही. म्हणून पाक निवत गेला की ते आपणहून खाली बसतं. तोच खायचा कात, आणि वर उरतं ते टॅनिनचं काळपट पाणी, कातडी कमावायला आणि जाळी-शिडं रंगवायला जाणारं.

कात आपल्याकडे औषध म्हणूनही वापरतात, विशेषतः सुजेवर. चरकानं त्वचारोगांवरच्या द्रव्यांत खदिराला, म्हणजे खैराला, पहिला मान दिला आहे. तोंड येणं, घसा सुजणं यावर खदिरादी वटी आजही चघळतात. याचं कारण मी कॅटेकॉलमध्येच शोधतो. कॅटेकॉल म्हणजे सहा कार्बनच्या कड्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट. ही जोडी इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते आणि लोहासारख्या धातूला चिमट्यात पकडते. सूज म्हणजे पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या तिखट रेणूंची आग. ती जोडी स्वतः जळून ती आग शमवते. हे डोळ्यांनी पाहायचं तर विडा करा. चुना लागला की काताचं कॅटेचिन हवेतल्या ऑक्सिजननं भराभर ऑक्सिडीकृत होतं आणि लाल चढतो. ओठांवरची लाली म्हणजे कॅटेचिननं स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकल्याची पावती.

विरोधी मत वजनदार आहे, ते सांगितलंच पाहिजे. पोटात गेलेलं कॅटेचिन रक्तात फार थोडं उतरतं, तेही रूप बदलून. एवढ्याशा मात्रेनं रक्तातली आग थेट विझणार नाही; जे होतं ते प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकरांना आणि सूज चेतवणाऱ्या पेशींतल्या संदेशांना आवरून होतं, असं हे मत. शिवाय कॅमोमाइलच्या फुलांतल्या एपिजेनिनकडे हायड्रॉक्सिलची ती जोडी नाहीच, तरी प्रयोगशाळेत तेही सूज उतरवतं. माझ्या मताला हे एपिजेनिन चांगलंच टोचतं. म्हणून मी माझा दावा तोंड-घशापुरता आखडतो. तिथे वटी चघळताना कॅटेचिनला रक्तात उतरायची गरजच नसते, ते भरपूर मात्रेत थेट सुजलेल्या त्वचेवर बसतं. वैद्यांनी चघळायचीच गोळी केली, ते मला उगीच वाटत नाही.

अर्क शुद्ध करून पोटात घालायचे प्रयत्न मात्र महागात पडले. कॅटेचिन यकृताचं औषध म्हणून ‘सियानिडॅनॉल’ नावानं युरोपात विकलं जात होतं. रुग्णांच्या तांबड्या पेशी फुटू लागल्यानं ते १९८५ मध्ये मागे घ्यावं लागलं. खैराचं कॅटेचिन असलेली आणखी एक गोळी अमेरिकेत सांधेदुखीच्या सुजेसाठी निघाली, पण यकृत आणि फुप्फुसाच्या त्रासाच्या तक्रारींनंतर २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ती घेऊ नका असं लोकांना बजावलं. आणि मी काताचा कितीही भक्त असलो तरी रोज विडा खा असं सांगणार नाही. सुपारीचा विडा तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलं आहे.

या शोधात मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट शेवटी सापडली. १९५७ च्या सुमारास ज्युलियस अॅक्सलरॉड या अमेरिकी शास्त्रज्ञानं अॅड्रिनॅलिनचा निकाल लावणारं एक विकर शोधलं. ते कॅटेकॉलच्या दोन हायड्रॉक्सिलपैकी एकावर मिथाइलचं टोपण बसवतं. तेवढ्यानं त्या रेणूचा जोर जातो. पुढे दिसलं की खाल्लेलं कॅटेचिनही याच विकराच्या हाती सापडतं आणि त्यालाही तसंच टोपण बसतं. मला वाटत होतं की ‘कॅटेकोलामाइन’मधला कात हा नावापुरता योगायोग आहे, कुणा जर्मनानं भांडं जास्त तापवल्याचा. पण यकृताच्या पेशीला खैराच्या गाभ्यातून आलेला रेणू आणि भीतीनं रक्तात उसळलेला रेणू एकाच घरचे वाटतात, आणि ती दोघांनाही एकाच दारानं बाहेर काढते.