एक काटा, तीन वेळा

आमच्या शाळेच्या कार्यालयात माझ्या टेबलामागच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक मराठी, एक कानडी. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत हेच चित्र दिसेल. मध्यंतरी आठवीतली एक मुलगी काही कामासाठी आली होती. तिची नजर राहुकाळाच्या रकान्यावर गेली आणि तिने विचारले, "सर, इथे राहुकाळ बरोबर दीड तासाचा दिला आहे. आमचे आजोबा म्हणतात, तो उन्हाळ्यात मोठा आणि थंडीत लहान असतो. खरे कोणाचे?"

मी तिला समजावून सांगितले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग करायचे, त्यातला एक राहुकाळाचा. दिवस बारा तासांचा धरला तर भाग दीड तासाचा होतो. पण दिवस लहानमोठा होतो, तसा भागही होतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दोघांचेही खरे?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर युरोपातल्या एका शहरात सहाशेहून अधिक वर्षे भिंतीवर टांगलेले आहे. ते शहर म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तेथील जुन्या नगरसभागृहाच्या दक्षिणेकडील भिंतीवर इ. स. १४१० मध्ये बसवलेले खगोलीय घड्याळ आहे. चेक लोक त्याला 'ओर्लोय' म्हणतात. आजही चालणाऱ्या अशा घड्याळांत ते सर्वांत जुने समजले जाते.

त्या काळचे प्राग आपल्यासारखेच दुभाषी होते. चेक आणि जर्मन बोलणारे लोक एकाच बाजारात व्यवहार करीत, एकाच देवळात प्रार्थना करीत आणि अधूनमधून भांडतही. घड्याळाच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १४०९ मध्ये, राजा चौथा वेन्सेस्लास याने प्राग विद्यापीठासंबंधी एक हुकूम काढला. चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठात चार 'राष्ट्रगट' होते. कारभारात बोहेमियन गटाला एक मत आणि बाहेरच्या तिन्ही गटांना मिळून तीन मते, अशी रीत होती. राजाने ती उलटी केली. बोहेमियन गटाला तीन आणि बाकीच्या सर्वांना मिळून एक! जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने शहर सोडून गेले, आणि त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी लाइपझिगला नवे विद्यापीठ उभारले. भाषेचा आणि मतांचा वाद शाळा-विद्यापीठांत शिरला की काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा तापलेल्या हवेत हे घड्याळ उभे राहिले. घड्याळजी होता कादान गावचा मिकुलाश. त्याला गणित पुरवणारा यान शिंडेल हा त्याच विद्यापीठातला खगोलविद. आता या घड्याळाच्या तबकडीकडे पाहू.

मधोमध पृथ्वी आहे. कोपर्निकसचा जन्म १४७३ चा, तेव्हा पृथ्वी मध्यभागी असणे स्वाभाविकच. भोवतीचा निळा भाग दिवसाचा, तांबूस भाग संधिप्रकाशाचा आणि काळा भाग रात्रीचा. त्यावरून सोनेरी सूर्य असलेला एक काटा फिरतो, आणि तो एकाच वेळी तीन रीतींनी वेळ दाखवतो.

काट्याच्या टोकाचा सोनेरी हात आतल्या वर्तुळातल्या रोमन आकड्यांकडे बोट करतो. बारा तास मध्यरात्रीपासून, बारा मध्यान्हापासून. आपल्या मनगटी घड्याळाची हीच रीत. प्रागमध्ये तिला 'जर्मन वेळ' म्हणत.

तोच हात त्याच्या बाहेरच्या काळ्या कड्यावरचे एक ते चोवीस आकडेही दाखवतो. ही 'जुनी चेक वेळ'. तिचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्या शेजारच्या मुसलमान बांधवांची तारीखही सूर्यास्तालाच बदलते, हे आपण रमजानात पाहतोच. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून हे कडेही वर्षभर मागेपुढे झुलते. या रीतीत एक सोय होती. अठरा वाजले असतील तर अंधार पडायला सहा तास उरले, हे शेतकऱ्याला किंवा गवंड्याला बोटांवर मोजता येई.

तिसरी रीत निळ्या भागातल्या वक्र रेषांची. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग. प्रागच्या उन्हाळ्यात असा एक तास सुमारे ८० मिनिटांचा होतो आणि हिवाळ्यात सुमारे ४० मिनिटांचा. आमच्या विद्यार्थिनीच्या आजोबांचा राहुकाळ तो हाच हिशेब! या तासांना एकेका ग्रहाचे स्वामित्व देत. आपल्या ज्योतिषातली 'होरा' ती हीच, आणि रविवारनंतर सोमवार का येतो याचे उत्तरही त्या होरांच्या क्रमातच आहे.

याखेरीज सूर्य बारा राशींच्या एका कड्यावर सरकत राहतो आणि आपली रास दाखवतो. मात्र त्यांचा सूर्य मकरेत २२ डिसेंबरच्या सुमारास जातो, आपला १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन. सायन आणि निरयन गणनेतला हा भेद.

एवढा सगळा कारभार चालतो कसा? घड्याळाच्या पोटात एकाच आसावर तीन मोठी, सारख्याच आकाराची दातेरी चाके आहेत. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६, तिसऱ्याला ३७९. तिन्हींना फिरवणारी लहान चाके २४-२४ दात्यांची आणि एकाच दांड्यावर बसवलेली. म्हणजे ढकलणारा हात एकच. ज्या चाकाचे दाते जास्त, ते थोडे मागे राहते.

३६५ दात्यांचे चाक राशींचे, ३६६ दात्यांचे सूर्याचे. राशीचक्राचे ३६६ फेरे होतात तेव्हा सूर्याचे ३६५ होतात. आकाशातही नेमके असेच घडते. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात आणि वर्षाकाठी सूर्यापेक्षा एक फेरा जास्त घालतात. अख्ख्या वर्षाचे गणित त्या कारागिराने एका दात्याच्या फरकात बसवले आहे! ३७९ दात्यांचे चाक चंद्राचे. ते सूर्याच्या मानाने रोज सुमारे ५१ मिनिटे मागे पडते, आणि खऱ्या चंद्राच्या सरासरी चालीशी ते मिनिटभराच्या आत जुळते. चंद्र रोज दोन घटिका उशिरा उगवतो, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. गोव्या-कोकणातला मच्छीमार तिथीवरून भरती-ओहोटी सांगतो, त्यामागे चंद्राची हीच चाल आहे.

हे सारे मिकुलाशचे काम. पण श्रेय मात्र शतकानुशतके दुसऱ्याकडे गेले. १४९० च्या सुमारास हानुश नावाच्या कारागिराने या घड्याळावर काम केले होते. १५७० मध्ये यान ताबोर्स्की या घड्याळाच्या राखणदाराने एक विवरण लिहिले आणि त्यात निर्माता म्हणून हानुशचे नाव घातले. मग लोककथेने त्यात रक्त मिसळले. दुसऱ्या गावाला असे घड्याळ मिळू नये म्हणून नगरपालांनी हानुशचे डोळे काढले आणि त्या आंधळ्याने यंत्रात हात घालून ते बंद पाडले, अशी ती कथा. भीष्म साहनी यांचे 'हानूश' हे १९७७ चे हिंदी नाटक तिच्यावरच उभे आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांपैकी काहींनी ते पाहिले असेल.

नाटक म्हणून कथा प्रभावी आहे, पण इतिहासाला कागद लागतो. ९ ऑक्टोबर १४१० चा एक दस्तऐवज विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आला. त्यात हे घड्याळ करणारा म्हणून मिकुलाशची स्तुती आहे आणि नगराने त्याला दिलेल्या मोबदल्याची नोंद आहे. डोळे काढणे दूरच, नगराने कारागिराचा सन्मान केला होता! साडेपाचशे वर्षांनी एका कागदाने एका माणसाला त्याचे नाव परत दिले. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठे समाधान कोणते?

या घड्याळावरचा खरा घाव मे १९४५ मध्ये बसला. महायुद्ध संपत आले होते. प्रागच्या नागरिकांनी उठाव केला आणि जर्मन सैन्याच्या माऱ्यात जुने नगरसभागृह पेटले. घड्याळ होरपळले, लाकडी पुतळे जळाले. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना घालवून देण्यात आले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली कुटुंबे होती. १४०९ मध्ये विद्यापीठ रिकामे झाले होते. आता घरे रिकामी झाली.

१९४८ मध्ये घड्याळ दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. २०१८ मध्ये त्याची पुन्हा मोठी डागडुजी झाली आणि १९४८ पासूनची विजेची यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातले जुने यंत्र परत बसवण्यात आले. पण मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. १९४८ मध्ये लोकांच्या मनात राग होता, आणि तो सकारण होता. तरी जर्मन वेळेचे रोमन आकडे कोणी खरवडून काढले नाहीत. काढणार तरी कसे? ती वेळ केव्हाच सगळ्यांची झाली होती. प्रत्येक चेक माणूस त्याच वेळेने गाडी पकडत होता, त्याच वेळेने मुलांना शाळेत पाठवत होता.

त्या मुलीला मी ओर्लोयचे एक मोठे छायाचित्र दाखवले. तिने तीन वर्तुळे मोजली, काटा मात्र एकच असल्याचे तिच्याच लक्षात आले. ते छायाचित्र आता कार्यालयात दोन दिनदर्शिकांच्या मधोमध लावले आहे. कोणी विचारले की हे काय, तर ती मुलगीच ते समजावून सांगते. मराठीतही आणि कानडीतही.